अपात्र माणसं निवडून येतात, मग उमेदवारीला परीक्षा का नको?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शिपायाच्या भरतीलाही परीक्षा असते, डॉक्टरला नोंदणी लागते, मग कायदे करणाऱ्याला कसलीच पात्रता का लागू नये? उमेदवारीसाठी पदवी सक्तीची करावी किंवा एखादी परीक्षा ठेवावी, नाहीतर कारभार सरळ तज्ज्ञांच्या हाती द्यावा, असं तुम्ही सुचवलं आहे. शेवटी तुम्ही लिहिलंय की या सगळ्याचा वीट येऊन तुम्ही मतदान करणंच सोडून दिलं. मला या शेवटच्या वाक्याची सगळ्यात जास्त काळजी वाटली.

नव्यानं निवडून आलेल्या सदस्यांना अर्थसंकल्प आणि विधेयकं वाचायला शिकवणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. ज्यांच्याबद्दल तुम्ही चिडून लिहिलंय, ती माणसं माझ्या वर्गात समोर बसलेली असतात. तुमची चीड खोटी नाही आणि तुम्ही एकटेही नाही. केंब्रिज विद्यापीठातल्या एका संशोधन केंद्रानं २०२० मध्ये अनेक देशांतली सर्वेक्षणं एकत्र करून पाहिली. लोकशाहीच्या कारभारावर नाराज असलेल्यांचं प्रमाण १९९० च्या दशकाच्या मध्याला ४८ टक्क्यांच्या आसपास होतं, ते ५८ टक्क्यांच्या जवळ पोचलेलं दिसलं. त्यामुळे यात फक्त तुमच्या मतदारसंघाचा किंवा तुमच्या देशाचा दोष शोधू नका.

आधी एक गोष्ट वेगळी करून घेऊ. 'अपात्र' म्हणताना आपण तीन निरनिराळ्या तक्रारी एकत्र करतो. एक, त्या माणसाला काम कळत नाही. दोन, त्याला कळतं, पण तो प्रामाणिक नाही. तीन, त्याची मतं आपल्याला पटत नाहीत. परीक्षा घेतली तर फार तर पहिल्या तक्रारीवर इलाज होईल. दुसरीसाठी तपासयंत्रणा, न्यायालयं आणि लेखापरीक्षण लागतं. तिसरीवर इलाज नाही आणि असूही नये, कारण तो समोरच्या मतदाराचा हक्क आहे. तुमच्या पत्रातली उदाहरणं मी पुन्हा वाचली. टक्केवारी खाणारा नगरसेवक, पक्ष बदलणारा आमदार, सभागृहात झोपणारा खासदार. यांतला एकही जण पदवीच्या अटीनं अडला नसता.

हा पेच जुना आहे. भारताच्या संविधान सभेचे अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी २६ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात नेमकी तुमचीच खंत बोलून दाखवली होती. कायदा राबवणाऱ्यांकडून आपण मोठ्या पात्रतेची अपेक्षा करतो आणि कायदा करणाऱ्यांसाठी निवडून येण्यापलीकडे काहीच ठेवत नाही, ही विसंगती त्यांना खटकत होती. पण त्याच भाषणात ते पुढे म्हणाले की कायदा करणाऱ्याला बुद्धीपेक्षाही समतोल दृष्टी, स्वतंत्रपणे वागण्याची ताकद आणि चारित्र्य जास्त लागतं, आणि माणसाचं नैतिक मोजमाप करणारी पट्टी अजून कुणाला सापडलेली नाही. दोष दिसत असूनही त्यांना त्यावर अट सुचवता आली नाही, ती याच कारणानं.

ज्यांनी अट घालून पाहिली त्यांचं काय झालं, तेही पाहा. पाकिस्तानात २००२ मध्ये मुशर्रफ यांच्या राजवटीत कायदेमंडळाच्या उमेदवारांना पदवी सक्तीची झाली. मदरशांच्या काही सनदा पदवीच्या तोडीच्या मानल्या गेल्या. त्यामुळे धार्मिक पक्षांचे उमेदवार आत आले आणि अनेक मुरलेले, पण पदवी नसलेले राजकारणी बाहेर राहिले. ती अट सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये रद्द केली. पुढे २०१० मध्ये कित्येक सदस्यांच्या पदव्याच बनावट असल्याचं उघड होऊ लागलं. ज्ञान वाढावं म्हणून आलेल्या अटीनं कागद बनवणाऱ्यांना धंदा मिळवून दिला.

भारतात राजस्थाननं २०१४ च्या अखेरीस आणि हरियाणानं २०१५ मध्ये पंचायतीच्या उमेदवारांसाठी शिक्षणाची अट आणली. हरियाणात सर्वसाधारण पुरुषाला दहावी, स्त्रियांना आणि अनुसूचित जातींच्या पुरुषांना आठवी, आणि पंच व्हायचं असेल तर अनुसूचित जातीच्या स्त्रीला पाचवी. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१५ मध्ये ही अट वैध ठरवली. याचिका करणाऱ्यांचं म्हणणं असं होतं की एरवी निवडणूक लढवू शकल्या असत्या अशा निम्म्याहून जास्त स्त्रिया आणि अनुसूचित जातींतल्या ६८ टक्के स्त्रिया या एका फटक्यात बाद होतात. शाळा न पुरवल्याची चूक राज्याची आणि शिक्षा तिला, हा अन्याय मला आजही पटत नाही. राजस्थाननं आपली अट २०१९ मध्ये मागे घेतली. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये जरा सावध वाट धरली: सरपंचपदाच्या उमेदवाराचा जन्म १९९५ किंवा त्यानंतरचा असेल तरच सातवी उत्तीर्ण असण्याची अट. ज्या पिढीला शाळा मिळाली तिलाच अट, यात निदान न्यायबुद्धी दिसते.

शिक्षणाचा काहीच उपयोग नाही असं मात्र मी म्हणणार नाही. अनेक देशांच्या दीर्घ काळातल्या प्रमुखांवरचा २०११ मधला एक अभ्यास सांगतो की उच्चशिक्षित नेता गेला की आर्थिक वाढ मंदावते. त्यानंतर निकोलस कार्न्स आणि नोम लुपू यांनी २०१६ मध्ये तोच प्रश्न पुन्हा तपासला. अमेरिकेतल्या अटीतटीच्या लढतींतून निवडून आलेले सदस्य, ब्राझीलमध्ये लेखापरीक्षण झालेल्या शहरांचे महापौर, असे वेगवेगळे गट त्यांनी पाहिले. पदवीधर आणि बिगरपदवीधर यांच्या कामगिरीत त्यांना म्हणण्याजोगा फरक सापडला नाही. पुरावा असा दुभंगलेला असताना कोट्यवधी लोकांचा निवडणूक लढवण्याचा हक्क काढून घेणं मला जमणार नाही.

वर्गातला माझा अनुभव या दोन्हींच्या मधला आहे. ज्याला वाचताच येत नाही अशा सदस्याची खरोखर अडचण होते, ती झाकण्यात अर्थ नाही. ठरावाच्या वहीत काय लिहिलंय हे त्याला दुसरा सांगतो. तो दुसरा कधी कर्मचारी असतो, कधी कंत्राटदार, आणि सदस्य स्त्री असेल तर बहुतेकदा तिचा नवरा. सह्या तिच्या आणि कारभार 'सरपंचपतीं'चा, हे चित्र सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावरचा माझा उपाय साधा आहे: बैठकीत ठराव मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय सही नाही. हा शिरस्ता जिथे पाळला जातो, तिथे कमी शिकलेली बाईसुद्धा दोन-चार महिन्यांत 'हे असं ठरलं नव्हतं' म्हणून हात वर करते.

आणि साक्षरतेचा उंबरठा ओलांडला की मग पदवीचा उपयोग झपाट्यानं कमी होतो. मी अर्थसंकल्पाचं एक पान समोर ठेवतो आणि रकाने दाखवतो: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज, आणि येत्या वर्षाची तरतूद. मग विचारतो, यांत काय खटकतं? ज्यानं पाणीपुरवठ्याच्या कामासाठी कार्यालयाचे उंबरे झिजवले आहेत, त्याचं बोट बरोबर पडतं: 'तरतूद दरवर्षी वाढते, खर्च मात्र निम्माच होतो, उरलेलं कुठे जातं?' उच्चशिक्षित सदस्य पुष्कळदा गप्प राहतो, कारण कळलं नाही असं चारचौघांत कबूल करणं त्याला जड जातं. असं प्रत्येक वेळी होत नाही. मला उत्तम अभ्यासू वकील आणि डॉक्टर सदस्यही भेटले आहेत आणि चार वर्ग शिकलेले निव्वळ उर्मटही. पण माणूस सदस्य म्हणून कसा निघेल हे त्याच्या पदवीवरून मला आजवर ओळखता आलेलं नाही.

आता तुमच्या डॉक्टरच्या दाखल्याकडे येतो, कारण तो वरवर बिनतोड वाटतो. डॉक्टरला आपण त्याच्या ज्ञानासाठी निवडतो. प्रतिनिधीला आपण आपल्या वतीनं निवड करायला पाठवतो. धरण किती उंच बांधता येईल हे अभियंता सांगू शकतो. त्या उंचीनं कोणाची गावं बुडावीत आणि कोणाची शेतं भिजावीत हे ठरवण्याचा अधिकार मात्र कुठल्याही पदवीनं मिळत नाही. प्राचीन अथेन्सनं हा भेद फार स्वच्छ पाळला होता. तिथल्या पाचशे जणांच्या सभेचे सदस्य आणि बहुतेक अधिकारी चिठ्ठ्या टाकून निवडले जायचे. सेनापती मात्र मतदानानं निवडले जात, कारण तिथे कसब लागतं. म्हणून 'पात्रता हवी का' याचं माझं उत्तर पद कुठलं यावर अवलंबून आहे. नियामक मंडळ, मध्यवर्ती बँक, लेखापरीक्षक यांना कडक पात्रता हवीच. मंत्र्याच्या बाबतीत मी निदान त्या क्षेत्राचा अनुभव विचारीन. साध्या सदस्याला नाही.

तज्ज्ञांच्या सरकारचं थोडक्यात सांगतो. इटलीत २०११ च्या नोव्हेंबरमध्ये आर्थिक संकटात अर्थतज्ज्ञ मारियो मोंती यांनी पक्षाबाहेरच्या तज्ज्ञांचं मंत्रिमंडळ बनवलं. संकटापुरता त्याचा उपयोग झाला. पण २०१३ च्या निवडणुकीत मोंती यांच्या आघाडीला सुमारे १० टक्के मतं पडली आणि प्रस्थापितांविरुद्धच्या संतापावर उभ्या राहिलेल्या फाइव्ह स्टार चळवळीला सुमारे २५ टक्के. निवृत्तिवेतनाला कात्री कुणाच्या लावायची हा निर्णय ज्यांना कुणी निवडलंच नाही अशांनी घेतला की चीड आणखी वाढते.

मग खरं दुखणं कुठे आहे? मला जे दिसतं ते असं: निवडून आलेल्या माणसाला अभ्यासाची गरजच पडू नये अशी व्यवस्था आपण करून ठेवली आहे. तिकीट देताना त्याला कुणी धोरणाबद्दल विचारत नाही. निवडून येण्याची क्षमता विचारतात, म्हणजे पैसा, जात, माणसं आणि घराणं. सभागृहात गेल्यावर मत पक्षादेशानुसार द्यायचं. भारतात १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर पक्षादेश मोडणाऱ्याचं सदस्यत्वच जाऊ शकतं. घाऊक पक्षांतरं त्यातूनही वाट काढतातच, पण एकट्यानं अभ्यास करून वेगळं मत देणाऱ्याचा मार्ग बंद झाला. मत आधीच ठरलेलं असेल तर विधेयक रात्री जागून वाचायचं कशासाठी?

वाचायला वेळही उरत नाही. भारताच्या पंधराव्या लोकसभेत (२००९-१४) ७१ टक्के विधेयकं छाननीसाठी समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत (२०१९-२४) फक्त १६ टक्के. त्याच सतराव्या लोकसभेत ५८ टक्के विधेयकं मांडल्यापासून दोन आठवड्यांच्या आत मंजूर झाली. पहिली लोकसभा वर्षाला सरासरी १३५ दिवस बसायची, सतरावी ५५ दिवस. समितीत कॅमेरे नसतात, घोषणा देऊन उपयोग नसतो, साक्षीला आलेल्या सचिवाला आकडे विचारावे लागतात. सदस्य तयार होतो तो तिथे. ती कार्यशाळाच बंद ठेवायची आणि बाहेर आलेला माणूस अडाणी निघाला म्हणून कपाळाला हात लावायचा, हे बरोबर नाही.

मदतीचंही तसंच. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सचं ग्रंथालय १८१८ पासून आहे आणि आज ते सदस्यांसाठी निःपक्ष टिपणं तयार करतं. अमेरिकी काँग्रेसची संशोधन सेवा १९१४ पासूनची. पण तिथेही १९७२ मध्ये उभं केलेलं तंत्रज्ञान मूल्यमापन कार्यालय काँग्रेसनं १९९५ मध्ये खर्च वाचवण्याच्या नावाखाली बंद केलं. भारतात खासदाराला सचिवासाठी भत्ता मिळतो, स्वतःचे संशोधक मिळत नाहीत. नागरिक म्हणून आपणही असा खर्च उधळपट्टी समजतो. इटलीत २०२० मध्ये जवळपास ७० टक्के मतदारांनी संसदेच्या निवडून द्यायच्या जागा ९४५ वरून ६०० वर आणायला कौल दिला. हा राग मला समजतो, पण सदस्य कमी केल्यानं उरलेले जास्त अभ्यास करतील, हे कशावरून?

उलट बाजूचा दाखला आयर्लंडचा आहे. २०१६ मध्ये तिथे नागरिकांच्या एका सल्लागार सभेसाठी ९९ सामान्य नागरिक यादृच्छिक पद्धतीनं, म्हणजे सोडतीसारखे, निवडले गेले आणि अध्यक्ष म्हणून सर्वोच्च न्यायालयातल्या एक न्यायाधीश. कुणाचीही पदवी विचारली नाही. गर्भपातासारखा देश दुभंगणारा विषय त्यांनी पाच शनिवार-रविवार ऐकला: डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूंच्या संघटना, ज्यांच्यावर वेळ आली होती अशा स्त्रिया. मग छोट्या गटांत बसून त्यांनी शिफारशी केल्या. मे २०१८ च्या सार्वमतात संविधानातली बंदी काढायला ६६ टक्क्यांहून अधिक मतदारांनी मान्यता दिली. निकाल तुम्हाला पटो न पटो, त्या साध्या माणसांच्या कामाचा दर्जा पाहा. त्यांना वेळ होता, कागद होते, तज्ज्ञ समोर होते आणि मत आधी कुणी बांधून टाकलेलं नव्हतं.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: पदवीच्या अटीनं अप्रामाणिक माणूस अडत नाही, गरीब अडतो; तज्ज्ञ सल्ल्याला हवेत, निवाड्याला नाहीत; आणि सदस्याला तयारी करायला भाग पाडणाऱ्या जागा, म्हणजे तिकीटवाटप, समित्या आणि सत्रांचे दिवस, आपल्या नजरेआड झाल्या आहेत.

तुम्ही काय करू शकता, ते तुमच्याकडे किती वेळ आहे आणि तुम्ही कुठे राहता यावर अवलंबून आहे. पक्षात जायची तयारी असेल तर सर्वांत जास्त बदल तिथेच घडतो, कारण उमेदवार तिथे ठरतो. ती तयारी नसेल तर निदान पक्षाला जाहीरपणे विचारा की याच माणसाला तिकीट का. याला भारतात कायदेशीर आधारही आहे. गुन्हेगारी खटले प्रलंबित असलेला उमेदवार निवडला तर त्याची कारणं पक्षानं प्रसिद्ध करावीत, आणि नुसती निवडून येण्याची क्षमता हे कारण चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२० मध्ये सांगितलं. पुढच्या वर्षी न पाळणाऱ्या काही पक्षांना दंडही झाला. ती कारणं पक्ष छापतात, पण वाचून जाब विचारणारे फार थोडे असतात.

दुसरं, एकच विषय धरा. सगळ्या राजकारणावर चिडणारा माणूस सहा महिन्यांत थकतो. शाळा, पाणी, बस, रुग्णालय यांपैकी एक घ्या, त्याचं लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातली त्याच्या खर्चाची नोंद, शोधा, तीन वर्षांचे आकडे एका कागदावर मांडा आणि अधिवेशनाच्या आधी आपल्या सदस्याच्या हाती द्या. माझ्या पाहण्यात असे कागद पुष्कळदा जसेच्या तसे प्रश्न होऊन सभागृहात येतात. सदस्य आळशी असला तरी आयता, नेमका प्रश्न त्याला हवाच असतो, कारण वर्तमानपत्रात नाव त्याचं येतं. येऊ द्या. कायद्याच्या मसुद्यांवर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हाही हेच करा. भारतात केंद्र सरकारच्या २०१४ च्या धोरणानुसार मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा आहे. अनेकदा तो ठेवला जात नाही, आणि तो का ठेवला नाही हे विचारणं हासुद्धा तुमचा प्रश्न होऊ शकतो.

राहिलं मतदान. तुम्ही न गेल्यानं कुणाला धडा मिळत नाही. प्रचाराची आखणी करणारे मतदार याद्या घेऊन बसतात आणि जो येत नाही त्याच्यासाठी काहीही आश्वासन देत नाहीत. कुणीच पटत नसेल तर 'नोटा', म्हणजे 'यांपैकी कुणीही नाही' हा पर्याय आहे, पण त्याची मर्यादा माहीत असू द्या: २०१३ मध्ये हा पर्याय आला, तरी लोकसभा-विधानसभेला 'नोटा'ला सर्वाधिक मतं पडली तरीही उमेदवारांमध्ये पुढे असलेलाच निवडून येतो. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगानं नोव्हेंबर २०१८ मध्ये स्थानिक संस्थांपुरता वेगळा आदेश काढला, ज्यात 'नोटा' पहिला आला तर फेरनिवडणूक घ्यायची. मी तुम्हाला सुरुवात स्थानिक निवडणुकीपासूनच करा असं सांगेन. तिथे थोड्या मतांनी निकाल फिरतो आणि उमेदवार दारात येतो. तो आला की गेल्या वर्षी मंजूर होऊन न खर्च झालेली एक तरतूद त्याच्यासमोर ठेवा आणि विचारा, याचं काय करणार? जो 'बघतो' म्हणून निघून जाईल आणि जो थांबून आकडा पुन्हा विचारील, त्यांच्यातून निवड करा आणि मतदानाला जा.